जसंच्या तसं

ऑफिसात मला शंकासूर म्हणतात. म्हणोत बापडे. हॉस्पिटलच्या अ‍ॅपमधली रुग्णांची माहिती कुलूपबंद करायचं काम म्हणूनच माझ्या गळ्यात पडलं. माहिती किल्लीनं बंद करायची, त्याच किल्लीनं उघडायची. आत गेलं तसंच बाहेर यायला हवं. खोट्या नोंदींवर माझा भरवसा नाही, म्हणून चाचणीला खऱ्याच घेतल्या. घ्यायच्या नसतात, माहीत आहे मला.

चार हजार एकशे बारा नोंदी. एक सोडून सगळ्या जुळल्या.

ती माझ्या धाकट्या भावाची होती. आमचं ऑफिस हॉस्पिटलातच, खालच्याच मजल्यावर तो दाखल होता. बारा वाजता हृदयाचं ऑपरेशन. आत गेलं होतं, ‘जवळचे नातेवाईक: बहीण’. बाहेर आलं, ‘जवळचे नातेवाईक: कोणी नाही’.

“चष्मिश, हा चावटपणा तुझा ना?” मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं.

“अगं बाई, मी कशाला तुझ्या वाटेला जाऊ? किल्ली तर तुझ्याकडेच आहे.”

मला काही ते पटलं नाही. नेटवर्कची वायर उपटली, नवी किल्ली बनवली. तेच. तिसरी बनवली. तेच. मग चाचणीआधीची, कुलूप न लावलेली मूळ प्रत उघडली. तिच्यातही ‘कोणी नाही’.

“चष्मिश, इकडे बघ जरा!”

त्यानं मानही वर केली नाही. कानात काहीतरी घालून बसला असेल, म्हटलं.

आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. आणि नातेवाइकाच्या सहीशिवाय त्याला ऑपरेशनला घेणार नव्हते. सकाळी मी स्वतः कागदी फॉर्मवर सही केली होती. कागद तरी बदलणार नाही, असं म्हणत जिना उतरले.

पावणेबारा झाले होते. फॉर्म त्याच्या कॉटला अडकवलेला. सहीची जागा कोरी.

बोट फिरवलं. पेनाच्या दाबानं उठलेलं माझ्या सहीचं वळण बोटाला लागत होतं.

नर्स आली. फॉर्म बघून तिनं भावाला विचारलं, “सही राहिलीय. तुमचं कोणी आहे का?”

“ताई आहे ना. वरच कामाला असते. येईलच इतक्यात.”

तो दाराकडे बघत राहिला.

मी त्याचा हात धरून उभी होते.