वाक्य पुरं होईपर्यंत

ताईने भरून ठेवलेला आवडींचा फॉर्म धाकटीने ताईच्या डोळ्यांदेखत फाडला! जन्मापासून तिचे हात आणि जीभ आपापल्या सवडीने चालत, त्यामुळे फाडायला चांगली चार मिनिटं लागली. ताईला तो सहज हिसकावून घेता आला असता... पण अंतःकरण विदीर्ण होत असताना माणसाला हातबित आठवत नाहीत.

"अगं, काय केलंस हे! उद्या शाळेत द्यायचाय ना?"

"ही... माझी..."

"आवड नाही, असंच ना?" ताईने हुंदका आवरत वाक्य पुरं केलं.

आई गेली तेव्हापासून, अकरा वर्षं, धाकटीची वाक्यं ताईच पुरी करत आली होती. त्यापायी तिने स्वतःचा शिवणक्लास अर्ध्यात सोडला होता, एका बाहीच्या झब्ब्यासकट! धाकटीने "मला भू..." म्हणावं आणि ताईने ताट वाढावं. एकदा तिला भूगोलाचं पुस्तक हवं होतं. तेव्हाही ती बिचारी मुकाट्याने जेवली होती.

दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीने जोडलेला फॉर्म धाकटीच्या विशेष शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी वाचला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या तीन-तीन दिवस खऱ्या कामावर पाठवत, कोणाला काय रुचतं ते कळावं म्हणून.

"पहिली आवड, शिवणकाम. दुसरी, कापड निवडणं. तिसरी... बटणं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, ही आवड नक्की कोणाची?"

ताईचे कान तापले.

"तुला गं काय करून बघायचंय?" बाईंनी धाकटीला विचारलं, आणि मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

"लोकांची... भांडणं... ऐकायची."

तिला मिक्सर दुरुस्ती केंद्राच्या तक्रार खिडकीवर पाठवलं. "तिथे लोक ओरडतात हो! माझं लेकरू कोमेजून जाईल!" ताईने टाहो फोडला. लेकरू एकोणीस वर्षांचं होतं आणि शेजारी बसून बाईंची बिस्किटं संपवत होतं.

दोन दिवस ताईने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी मॅनेजर तिला कामावर ठेवायचं की नाही ते सांगणार होते. नकार पचवायला धाकटीजवळ कोणीतरी हवं, म्हणून ताई टोकन घेऊन रांगेत उभी राहिली. पुढच्या गृहस्थांनी खिडकीवर मिक्सर आपटला.

"फसवणूक आहे ही! झाकणच बसत नाही! बोला, काय करताय?"

"तुम्ही..." धाकटीने सुरुवात केली.

वाक्य पुरं करायला ताईचे ओठ शिवशिवले. तिने तोंडावर हात दाबून धरला. गृहस्थ आणखी ओरडले. मग एकटेच किती ओरडणार? त्यांनी श्वास घेतला, रुमालाने कपाळ पुसलं, घरी बायकोशीही आपण असंच बोलतो हे त्यांना आठवलं...

"...भांडं... उलटं... धरलंय."

गृहस्थांनी भांडं सुलटं केलं. झाकण बसलं. "थँक्यू, बेटा," ते गहिवरून म्हणाले.

"तीन दिवसांत खिडकीची काच एकदाही फुटली नाही!" मागून मॅनेजर ओरडले. "उद्यापासून दहाला ये. कायमची!"

ताईचा नंबर आला.

"तक्रार?" धाकटीने विचारलं.

"माझी धाकटी बहीण... ती आता..." ताईने हातातलं टोकन चुरगाळलं. शब्द फुटेना! मागची रांग कुरकुरू लागली.

"थांबा," धाकटीने रांगेला बजावलं. "ताई... बोलतेय."

आणि ती थांबली. एकही शब्द पुढे न सरकवता, हनुवटीवर हात ठेवून, ताईचं वाक्य संपेपर्यंत थांबली... अकरा वर्षांत ताईसाठी असं कोणी थांबलं नव्हतं!

"...ती आता माझ्याशिवाय बोलते. मग मी काय करू गं?"

धाकटीने खणातून चिकटपट्टीचा तो फॉर्म काढला. स्वतःचं नाव खोडून तिने वर वाकड्यातिकड्या अक्षरांत ताईचं लिहिलं होतं. शिवणकाम, कापड, बटणं तशीच होती.

"बाईंनी... क्लासला... विचारलंय. सोमवारी... जा."

मग तिने दोन्ही हातांनी शिक्का उचलला. अख्खी रांग श्वास रोखून बघत होती. शिक्का थरथरत खाली आला आणि फॉर्मवर थोडा तिरका, पण ठसठशीत बसला : 'तक्रार मिटली.'

मिक्सरवाले गृहस्थ अजून गेले नव्हते. टाळ्यांना सुरुवात त्यांनीच केली, झाकण भांड्यावर आपटून.