तेविसावा ध्वनी

सतरा व्यंजनं, पाच स्वर आणि एक थांबा. एकूण तेवीस ध्वनी, आणि वहीत प्रत्येकाला एक पान. बाहुल्यांच्या नाटकातल्या पक्ष्यांसाठी तिने ही भाषा वर्षभर खपून रचली होती. स्टुडिओत पहिल्या दिवशी ती वही उघडून बसली, ती नेमकी रेकॉर्डिस्टच्या खुर्चीत.

"ही माझी जागा," तो दारातून म्हणाला. "पण बसा… आज पहिल्यांदाच ही खुर्ची बरी दिसतेय."

ती गडबडून उठली आणि घाईघाईने कामाचं बोलू लागली. "पक्ष्यांना ओठ नसतात. म्हणून प, फ, ब, भ, म, व बाद. ओठ गोल करावे लागतात म्हणून उ आणि ओसुद्धा."

"मग मामाला काय म्हणतात?"

"मामा नाहीतच. सगळ्या आत्याच."

"मी ऐकतेय हं!" बाहेरून त्याच्या आत्याचा आवाज आला. स्टुडिओ आत्याचा होता, आणि त्याच्या भिंतींतून आवाज जात नाही असं ती सगळ्यांना सांगायची.

"आणि हा तेविसावा?" त्याने हसू आवरत विचारलं.

"थांबा. शब्दाच्या मध्ये श्वास घशात अडवायचा. दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. 'ने…री' म्हणजे हो. न थांबता 'नेरी' म्हटलं तर चोच."

"जास्त थांबलं तर?"

"जितकं लांब, तितकं मनापासून. पाचशेपर्यंत. त्यापुढे…" तिने वही चाळली. "त्यापुढचं काही ठरवलेलं नाही."

दहा दिवस ती रेकॉर्डिंगच्या खोलीत, काचेच्या अलीकडे शब्द उच्चारत राहिली. शब्द नीट आला की पलीकडून तो अंगठा वर करायचा. हळूहळू तिचे डोळे वहीपेक्षा त्या अंगठ्याकडेच जास्त वळू लागले. किती जास्त, हे मोजायला तिच्याकडे साधन नव्हतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सगळं रेकॉर्डिंग नाटकवाल्यांकडे जायचं होतं. तो मात्र सकाळपासून खुशीत होता.

"काल रात्रभर बसून सगळं साफ केलं! खरखर काढली, मधल्या रिकाम्या जागा कापल्या…"

तिने हेडफोन लावला. कानात पक्षी आनंदाने एकमेकांना सांगत होते : चोच, चोच, चोच!

"मूळ रेकॉर्डिंग?"

"त्यावरच सेव्ह केलं…" बोलता बोलता त्याला उमगलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"त्या रिकाम्या जागा नव्हत्या," ती म्हणाली. आवाज न चढवता तिने हेडफोन काढून ठेवला. "माझं वर्ष होतं ते."

आत्या दारात येऊन उभी राहिली. "तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणत होता. दिला बाई एकदाचा!"

तो सारवासारव करत बसला नाही. "थांबा असलेले शब्द किती?"

"चौसष्ट."

"संध्याकाळपर्यंत होतील. कात्री लावणार नाही. एक श्वाससुद्धा कापणार नाही."

ती माईकसमोर बसली. आधी रागाने, मग सवयीने, आणि तिसाव्या शब्दाच्या आसपास पुन्हा त्याच्या अंगठ्याकडे बघत. जेवायलाही दोघं उठली नाहीत. आत्याने दोन कप चहा आत सरकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा न बोलता गेली.

त्रेसष्ट शब्द झाले. 'ने…री' तेवढा उरला होता. काचेपलीकडून अंगठा वर आला नाही, हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला.

"हा झाला की काम संपलं. उद्या इथे यायचं तुम्हाला काही कारण नाही. म्हणून विचारतो… कारण नसताना येशील?" तो अडखळला. "म्हणजे… याल?"

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला होता. तिने वही मिटली.

"ने—"

श्वास अडला. बाहेर चहाच्या कपांची किणकिण थांबली. काचेपलीकडे तो हललाही नाही.

"—री."

त्याने पडद्यावर उमटलेल्या आवाजाच्या रेषेतला मधला थांबा मोजला. मग काचेच्या अलीकडे येऊन त्याने तिची वही घेतली, शेवटचं कोरं पान उघडलं आणि नीट अक्षरात लिहिलं :

नऊशे चाळीस मिलिसेकंद.