हर्षदाचा कॉम्प्युटर का तापतो

दुकानदाराने कपाटातून कॉम्प्युटरचा शेवटचा कूलर काढला आणि हर्षदाच्या डोळ्यांदेखत शेजारच्या तरुणाच्या हातात ठेवला.

"आणि मला?"

"छेल्लो पीस हतो, बेन. सोमवारे आवशे."

सोमवारपर्यंत थांबणं तिला परवडणारं नव्हतं. डिंडोलीच्या घरी बसून ती साड्यांची डिझाइनं काढायची, आणि हल्ली मोठी फाइल उघडली की तिच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापून सगळं बंद पडायचं. शनिवारी डिझाइनं पोचली नाहीत तर पर्वत पाटियाच्या बाजारातला साडी व्यापारी काम दुसऱ्याला देणार होता. हे सगळं ती अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत दुकानदाराला सांगत होती. ऐकत मात्र तो तरुण होता.

"तुम्ही घ्या," त्याने खोकं पुढे केलं. "माझ्या कॉम्प्युटरवर मी नुसते गेम खेळतो. तो बंद पडला तर घरचे खूश होतील."

तिला हसू आलं. "पण हा बसवतात कसा?"

"मी येऊ? म्हणजे... घरी कोणी असेल तरच."

त्याचं नाव भूपेंद्र. कापडाच्या एका ऑफिसात हिशेब बघायचा, राहायला डिंडोलीतच. मित्रांचे कॉम्प्युटर खोलून जोडायचा त्याला कॉलेजपासून नाद होता.

संध्याकाळी तो आला. ब्रशने धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. हर्षदा शेजारी वाकून मोबाइलचा उजेड धरत होती. तिची बट त्याच्या खांद्याला लागली तसा तो जरा सरकला, आणि मग हळूच परत होता तिथे आला.

"चहात साखर किती?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

कूलर बसला, कॉम्प्युटर सुरू झाला. आणि पडद्यावरचा तापमानाचा आकडा पुन्हा पंचाण्णववर गेला.

"असं व्हायला नको," भूपेंद्र पुटपुटला.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने सेटिंग्ज बदलल्या. मग कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून लांब ओढला, बाजूचं झाकण काढून ठेवलं. काही फरक नाही. तो कपाळाला हात लावून बसायचा, ती चहा ठेवायची, बोलणं कॉम्प्युटर सोडून भलतीकडेच जायचं.

"हाऊ पोऱ्या रोज काबर येस?" आईने अहिराणीत विचारलं.

"कॉम्प्युटर तापतो म्हणून."

"हं. आनि नंदुरबारच्या स्थळाला काय कळवू?"

"कॉम्प्युटर नीट होऊ दे, मग बघू," हर्षदा म्हणाली. आपण काय बोलून गेलो, ते तिचं तिलाच कळेना.

शुक्रवारी दुपारी तिने स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेतला. कूलर उचलला आणि बघतच राहिली. त्याच्या तळाला पातळ पारदर्शक फिल्म चिकटलेली होती. बसवण्यापूर्वी काढा, असं तिच्यावर लिहिलंही होतं.

फिल्म सोलून, उरलेली पेस्ट लावून तिने कूलर परत बसवला. आकडा पन्नासवर येऊन थांबला. कितीतरी वेळ तिथेच. डिझाइनं आता वेळेत होणार होती, पण तिला आनंद होईना. त्याने हे मुद्दाम केलं असेल? मग तो माझ्या कामाशी खेळला. आणि मुद्दाम केलं नसेल... तर तो खरोखर कॉम्प्युटरसाठीच येत होता. यातलं काय खरं असावंसं वाटतंय, हेच तिला ठरवता येईना. शेवटी ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईशी बोलली.

संध्याकाळी भूपेंद्र तिच्या कॉम्प्युटरला लावून बघायला आपल्या कॉम्प्युटरचा पंखाच काढून घेऊन आला. तिने ती फिल्म त्याच्यासमोर ठेवली.

"मुद्दाम केलंत?"

तो फिल्मकडे पाहत राहिला. कान लाल झाले.

"नाही. तुमचं काम गेलं असतं, असं मी कसं करेन? दहादा बसवलाय असा कूलर, कधी विसरलो नाही. त्या दिवशी तुम्ही साखरेचं विचारलंत, आणि मी... मला काही सुधरलंच नाही."

तिने फिल्म उचलून बोटांत उलटीसुलटी केली.

"पण एक खरं सांगतो," तो खाली बघत म्हणाला, "रोज येताना वाटायचं, बिघाड आजही सापडू नये."

हर्षदाने राग शोधला तर सापडेना.

"दुपारी मी आईला सांगितलं, नंदुरबारच्या स्थळाला 'नाही' कळव. ती 'का?' म्हणून विचारत होती. मला सांगता आलं नाही."

"आता येईल?" त्याने अगदी हळू विचारलं.

"थोडंथोडं... अजून नीट नाही." तिने कीबोर्ड पुढे ओढला, मग थांबली. "उद्या डिझाइनं द्यायला पर्वत पाटियाला जायचंय. तू येशील बरोबर?"

त्या 'तू'ने दोघंही गोंधळले. त्याने नुसती मान हलवली आणि हातातला पंखा कुठे ठेवावा ते न सुचून तो तसाच धरून, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.