जुन्या गाडीचा स्विच

पटलं नाही तर सोडून द्या. पण मनाचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं आणि मामा आजही आमच्या बाहेरच्या खोलीत बसून आहे.

मामा गाड्यांची वायरिंगची कामं करायचा. त्या रविवारी दुपारी त्याला एका चष्मेवाल्याने घरी बोलावलं. बंगल्यामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये चष्मेवाल्याच्या वडिलांची जुनी, देखणी गाडी. कित्येक वर्षं जागची हललेली नव्हती.

"इग्निशन स्विच गेलाय," चष्मेवाला म्हणाला. "आईला दम लागला होता. वडील तिला मागच्या सीटवर बसवून चावी फिरवत राहिले... गाडी सुरूच झाली नाही. आई तिथेच गेली. पुढे वडीलही गेले."

नवा स्विच त्याने कुठून कुठून शोधून आणला होता. मालकच म्हणतोय खराब, मग तपासायचं कशाला? मामाने बॅटरीची वायर सोडली आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

आणि डोक्यावर आवाज झाला...

कट्.

चावी फिरल्याचा.

चावी तर मामाच्या खिशात होती.

शेडमध्ये कुणी नव्हतं. मामा हसला, म्हणाला, भास. नवा स्विच बसवला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

काढलेला जुना माल घरी न्यायची मामाला खोड होती. सुट्या भागांचा त्याचा एक पत्र्याचा डबाच होता. जुन्या चावीसकट स्विच त्यात गेला.

"बसायला जागा नाही, पण भंगाराचा थाट बघा!" मामी नेहमीसारखी बोलली. मामीलाही दम्याचा त्रास होता. मामा तिला फुलासारखा जपायचा.

संध्याकाळी दोघं चहा घेत होती.

डब्यातून आवाज आला...

कट्.

मामीचा श्वास अडकला. कप हातातून सुटला. मग श्वास आपोआप मोकळा झाला.

थोड्या वेळाने पुन्हा... कट्.

पुन्हा तिचा श्वास अडकला.

सकाळी उठून तो स्विच घेऊन थेट चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्याने दार अर्धंच उघडलं.

"तुमच्याकडेच राहू द्या हो ते," तो खाली बघत म्हणाला. "काल आम्हाला किती वर्षांनी शांत झोप लागली."

दार बंद झालं.

म्हणजे त्याला माहीत होतं!

मामा चिडला, पण करणार काय? फेकून द्यायचा धीर होईना. कुणाच्या पायाशी पडेल, काय सांगावं! शेवटी हातात होतं ते त्याने केलं. स्विच दुरुस्त करायला घेतला. एकदा का तो नीट लागला, की चष्मेवाल्याच्या म्हाताऱ्या वडिलांचा आत्मा सुटेल, असं त्याला वाटलं.

त्याने स्विचला बॅटरी आणि दोन बल्ब जोडले. चावी फिरवली. पहिल्या टप्प्याला, जिथे गाडीचे दिवे लागतात, पहिला बल्ब लागला. दुसऱ्या टप्प्याला, जिथे इंजिन सुरू होतं, दुसराही लागला.

स्विच ठणठणीत होता.

मामाने पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. प्रत्येक वेळी दोन आवाज. कट्, कट्.

डब्यातून मात्र एकच यायचा...

म्हातारा चावी पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवत होता.

"म्हणजे त्यांनी बायकोला मुद्दाम..." मामीने तोंडावर हात ठेवला. "अहो, असं कुणी करतं का?"

मामाने बल्बच्या वायरी सोडवल्या.

दिवस मावळताना मामीला दम लागला. या वेळी श्वास मोकळा होईना. मामाने तिला उचलून आपल्या गाडीत मागे बसवलं, चावी घातली, फिरवली.

डॅशबोर्डचे दिवे लागले...

हात तिथेच थांबला.

कुणी धरला नव्हता. दुखतही नव्हता. फक्त पुढे जात नव्हता. मामा मागे आणायचा, पुन्हा फिरवायचा. कट्... कट्... मामी मागून त्याच्या खांद्यावर थापा मारत होती, "अहो, फिरवा ना!"

ओरडा ऐकून शेजारी धावत आला. मामाला बाजूला सारून त्याने चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

पण मामी वाटेतच गेली.

आई मामाला आमच्याकडे घेऊन आली. तो डबा कुठे आहे, हे आम्ही त्याला विचारलेलं नाही. विचारायची भीतीच वाटते. मामा जेवतो, झोपतो, काम मात्र सोडलंय. दिवसभर उजवा हात मांडीखाली दाबून बसतो.

एकदाच तो आपणहून बोलला.

"ताई, ती आरशातून माझ्याकडे बघत होती गं. माझा हात थांबलेला तिने पाहिला."

आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मी मुद्दाम करतोय, असंच वाटलं असेल ना तिला?"