दोनच्या आधी दहा

"परत लाव! परत लाव!" शंका ओरडली.

"अकराव्यांदा?" रॉकेटनं कपाळावर हात मारला. "अगं, लॅपटॉप रडायला लागेल!"

सुट्टी लागून चार दिवस झाले होते. पोहायला जायचं सोडून शंका, रॉकेट आणि बटण ही टोपणनावांची तिघं शंकाच्या घरी स्क्रीनला नाक लावून बसली होती. कारण होती शंकाची मावशी. ती वाचनालयात साफसफाई करायची. आठवड्यापूर्वी तिथल्या मोरीचा नळ उघडा राहिला आणि एवढं पाणी झालं, की भूगोलाच्या पुस्तकांतले समुद्र म्हणे बाहेर येऊन पोहायला लागले! मॅनेजरकाकांनी भर वाचकांसमोर मावशीला "चालती हो!" म्हटलं. वर तिथल्या कॅमेऱ्यानं टिपलेले बारा तुकडे एका वेबसाइटवर जोडून तो व्हिडिओ, सुट्या तुकड्यांसकट, सभासदांच्या ग्रुपवर टाकला. त्यात मावशी मोरीत जाते, ओली लादी पुसते, निघून जाते. मग दाराखालून पाणी येतं. झालं! "अहो, मी तर नळ बंद केला," असं ती सांगत राहिली. कोण ऐकतंय? आता तिला कुठेच काम मिळेना.

"थांबव!" शंका किंचाळली. "मावशीच्या हातात काय आहे?"

"पुस्तकं. ओली," धाकटा बटण म्हणाला.

"पाणी अजून कपाटाला लागलंच नाहीये, शहाण्या! मग भिजली कशी? पुस्तकांना घाम आला?"

रॉकेटनं सुटे तुकडे तपासले. ओल्या पुस्तकांच्या तुकड्यावर नंबर होता अकरा, आणि व्हिडिओत तो तिसराच आला होता! त्यानं तीच वेबसाइट उघडली, बाराही तुकडे एकदम आत टाकले. यादी लागली: एक, दहा, अकरा, बारा, दोन, तीन...

"दोनच्या आधी दहा?" बटण खिदळला. "हिला आमच्या वर्गात बसवा!"

"ती नुसता पहिला आकडा बघते!" रॉकेट म्हणाला. "आणि काकांनी न बघताच 'जोडा' दाबलं!"

रॉकेटनं एकेक तुकडा ओढून जागेवर लावला. जोडा! पहिल्या तुकड्यात मॅनेजरकाका कप धुवायला मोरीत गेले आणि फोनवर बोलत बाहेर आले. हा तुकडा आधीही पहिलाच होता, पण लगेच मागून मावशी दिसायची, म्हणून काकांकडे कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्यात पाणी. दहाव्यात मावशी धावत आली, नळ बंद करायला. अकराव्यात कपाटातली भिजलेली पुस्तकं पोटाशी धरून बाहेर नेली, बाराव्यात लादी पुसली.

"म्हणजे वाचवलं तिनं," शंका हळूच म्हणाली, "आणि हाकललं तिलाच."

दुपारी मावशीला घेऊन तिघं वाचनालयात धडकली. व्हिडिओ बघून मॅनेजरकाकांनी पटकन केबिनचं दार लावलं. "मशीनचा घोळ हो! उद्यापासून ये कामावर."

"मला काढलंत तेव्हा दार उघडं होतं," मावशी म्हणाली.

शंकानं दार सताड उघडलं. सगळे वाचक बघायला लागले. "चूक... माझी होती," काका टेबलाकडे बघत पुटपुटले.

"आँ? ऐकू नाही आलं!" बटण ओरडला.

काकांना मोठ्यानं म्हणावंच लागलं. मग काय! "वा रे गुप्तहेर!" "शाब्बास पोरांनो!" कोपऱ्यात पेपर वाचणारे आजोबाही शंकाची पाठ थोपटायला उठले. ग्रुपवर 'अशा बायका ठेवूच नयेत' असं लिहिणारे हेच आजोबा!

शंका बाजूला सरकली. "आजोबा, मावशी इकडे उभी आहे."

आजोबा खाली बसले. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा.