गिळलेला शब्द

रविवारची सकाळ. बाहेर पापण्या गोठतील अशी थंडी, आणि मिंडी लास्टमनला काम काय, तर लाँड्रीतून अरिएलाची ओढणी आणायची! म्हणजे बघा ना. जी नवरीची ओढणी हिच्या डोक्यावर असायला हवी होती, तीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बसमध्ये मांडीवर तान्ह्या बाळासारखी सांभाळत न्यायची. दुसरीसाठी.

कॅनडातल्या विनिपेगच्या नॉर्थ एंडमधलं ते जुनं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनाघर. प्रार्थनेला येणारी माणसं केव्हाच नदीपलीकडे राहायला गेली आणि इमारत आली एका ज्यू नाटक कंपनीकडे. आता बायकांच्या सज्जात लाइटवाला बसतो, आणि जिथे पवित्र ग्रंथांचं कपाट होतं तिथे रंगमंच. पण वास गेलेला नाही हं. मेणाचा, ओल्या लोकरीचा, जुन्या लाकडाचा. आणि भिंतीतले हीटरचे पाइप अधूनमधून ठकठक करतात, आत कुणी अडकल्यासारखे.

त्या सीझनला मिंडीनं काय काय केलं नव्हतं! पहिल्या विनोदी नाटकात भांडकुदळ शेजारीण झाली. हनुक्काच्या सणातल्या बालनाट्यात तर चक्क बटाट्याचं धिरडं, तोंडाला पिवळा रंग फासून. सगळं एकाच आशेवर: शेवटचं मोठं नाटक, आणि त्यातली नवरी. मग दिग्दर्शक ड्रूनं टोरोंटोहून अरिएला सोकोलोवला आणलं. लांब मान, घोगरा आवाज, आणि वर स्वभावानं चांगली! हाच तर त्रास होता. वाईट असती तर मिंडीला निदान सुखानं जळता आलं असतं.

मिंडीला दिलं काय? मांडवाचा एक खांब धरून उभं राहायचं. आणि अरिएला आजारी पडलीच तर तिच्या जागी उभं राहायचं. ती काही आजारी पडत नव्हती. रोज गाजराचा रस प्यायची, बया.

नाटक साथीच्या दिवसांतलं. तापानं माणसं पटापट मरतायत, म्हणून गावातले म्हातारे दोन अनाथ पोरांचं लग्न लावतात, तेही कब्रस्तानात. म्हणजे मेलेल्यांना दया येईल आणि साथ थांबेल. काळा मांडव, चार खांब, नवरी नवऱ्याभोवती सात फेरे घालते, मग नवरा अंगठी घालून हिब्रूत म्हणतो, "हरेई आत मेकुदेशेत ली." या अंगठीनं तू वाहिली गेलीस, मला. शेवटचा तो 'ली' म्हणजे 'मला'.

आता गंमत ऐका. हे वाक्य साक्षीदारांसमोर अख्खं म्हटलं आणि अंगठी घातली, की लग्न लागतं. नाटकात असलात तरी लागू शकतं! म्हणून स्टेजवर ते मोडून म्हणायचं, ही जुनी रीत. ड्रूनं नवऱ्याचं काम करणाऱ्या गेबला सांगितलं, "शेवटचा शब्द गिळ. आणि मग थांब. लांब थांब. प्रेक्षकांचा श्वास अडकला पाहिजे."

कपडेपट बघणाऱ्या पर्ल आंटीनं दातांतली टाचणी काढली. "आम्ही त्या जागी दुसरा शब्द घालायचो रे. काहीही. बटाटा म्हणायचो. जागा मोकळी नव्हतो सोडत."

"लग्नात बटाटा, आंटी?"

"हस तू. वाहिली गेलीस म्हणतोस आणि कुणाला ते सांगत नाहीस. मग ज्याला हवी तो म्हणेल ना, मला?"

सगळे हसले. मिंडी तर सगळ्यात जास्त.

तर ती ओढणी घेऊन मिंडी पोचली. दुपारी पहिला प्रयोग. हॉल गच्च. अरिएलानं फेरे घातले, गेबनं अंगठी सरकवली आणि म्हटलं, "हरेई आत मेकुदेशेत..."

आणि थांबला.

पाइपांची ठकठक बंद झाली. मिंडीच्या नाकात वास शिरला, ओल्या मातीचा. बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली, आणि हा ताज्या खणलेल्या मातीचा वास कुठून? तेवढ्यात मांडवाच्या आतून, अरिएलाच्या अगदी खांद्यापासून, कुणीतरी हळूच म्हणालं,

"ली."

पुरुषाचा आवाज. खोल, कोरडा. गेबचे ओठ मिटलेले होते. मिंडीनं बघितलं होतं.

पडदा पडल्यावर अरिएला मेकअपच्या खोलीत अंगठीचं बोट चोळत बसली होती. "मिंडी... तू खांबापाशी होतीस. तू ऐकलंस ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर? पण बाहेर लोक नुसते वेडे झाले होते. तो थांबलेला क्षण! काय कल्पना! काय ती नवरीची भीती! मिंडी जळून खाक झाली. भूत सुद्धा हिलाच? चार खांबांशी चार बाया उभ्या, आणि त्याला दिसली कोण, तर टोरोंटोवाली?

"काय ऐकलं?" मिंडी म्हणाली. "मला तर काही नाही ऐकू आलं बाई."

पुढच्या प्रयोगाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. अरिएला वाळत चालली. एका दुपारी तिनं मिंडीचा हात घट्ट धरला. "अंगठी काढताना... तो मागे ओढतो गं. मी वेडी होतेय का?"

"दमलीयस तू," मिंडी म्हणाली, इतक्या मायेनं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "घरी जा काही दिवस."

अरिएला विमानानं टोरोंटोला गेली ती परत आलीच नाही. आणि ओढणी मिंडीच्या डोक्यावर आली.

काय नाचली असेल मिंडी! आईला फोन, मावशीला फोन, शाळेतल्या त्या भांडलेल्या मैत्रिणीला सुद्धा फोन. प्रयोगाला उभी राहिली, फेरे घातले, जीव ओतून काम केलं. गेब म्हणाला, "हरेई आत मेकुदेशेत..." आणि थांबला.

मिंडी वाट बघत राहिली.

पाइप ठकठकत होते. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं. बस. एवढंच.

"छान," ड्रू म्हणाला. "म्हणजे... छानच झालं."

पर्ल आंटीनं तिचे गाल धरले. "सुटलो गं बाई! अरिएला सांगायची ते गेलं एकदाचं."

मिंडी हसली, घरी गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. प्रेक्षकांना ती नको होती, ड्रूला नको होती, एक वेळ चाललं असतं. पण मेलेल्या माणसालाही नको?

पुढच्या रविवारी तिची आई आली होती, दुसऱ्या रांगेत, मांडीवर खसखशीच्या बिस्किटांचा डबा. मिंडीचं तिकडे लक्षच नव्हतं. गेबनं अंगठी घातली, वाक्य म्हटलं, थांबला. आणि मिंडी ओढणीच्या आत, ओठ न हलवता पुटपुटली, "आणि मी? माझ्यात काय कमी आहे?"

पाइप बंद पडले.

मातीचा वास इतका जवळून आला की घशात कण जाणवले. ओढणी आतल्या बाजूनं हलली, कुणी श्वास सोडावा तशी. तिच्या आजीच्या भाषेत, यिद्दिशमध्ये, कानाशी कुणीतरी विचारलं,

"कुठंय... ती?"

"कोण?"

"माझी... अरिएला."

गेली म्हणून सांगायचं. तोंडात शब्द आलाही होता. पण 'माझी' ऐकलं आणि मिंडीच्या डोळ्यांसमोर ती लांब मान आली, ते हात आखडेपर्यंत टाळ्या वाजवणारे लोक आले.

"मीच," ती म्हणाली. "मीच अरिएला."

मग तिच्या बोटावर, अंगठीच्या वरून, आणखी काहीतरी गार मिटलं.

"ली."

टाळ्या! काय टाळ्या! लोक उभे राहिले, ड्रू विंगेत डोळे पुसत होता. मिंडी वाकून वाकून थकली. आत आली तर पर्ल आंटीनं हात पुढे केला. "ओढणी दे गं, अरिएला."

"आंटी, सवय जात नाही वाटतं!" मिंडी हसली.

पर्ल आंटी हसली नाही. कसली सवय, असं तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ओढणी घडी करायला लागली.

बोळात आई उभी होती, डबा छातीशी धरून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. मिंडी हात पसरून धावली. आई जरा बाजूला झाली, वाट द्यावी तशी, आणि छान हसली.

"फार सुंदर काम केलंत हो तुम्ही. जरा सांगाल का, माझी मुलगी याच नाटकात आहे... मिंडी. आत आहे का ती?"

"आई... काय हे?"

आईनं ओशाळून आजूबाजूला बघितलं, ही कुणाला हाक मारतेय म्हणून. मग आवाज खाली करून, आपलं उगाच काळजीनं म्हणाली, "आणि हो, तुमचे मिस्टर तिकडे मागच्या दाराशी थांबलेत. आत बोलवा ना त्यांना. एवढ्या थंडीत अंगावर कोट नाही हो त्यांच्या."