कानातला माणूस

केसांतल्या पिना काढायला तिला वेळ लागला, म्हणून त्यांची ओळख झाली.

“अजून किती?” प्लास्टिकची वाटी पुढे धरून त्याने विचारलं.

“अकरा झाल्या... एक कुठेतरी आहे.”

“अहो, हे मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक आहे. ती पिन तुमच्या आधी आत जाईल.”

“जाऊ दे. तिचाच मेंदू तपासा.”

तो हसला. नेहमीचा तंत्रज्ञ रजेवर होता आणि हा त्याच दिवशी इस्पितळाच्या तळघरात रुजू झाला होता. ती मात्र इथे दुसऱ्यांदा येत होती. ज्यांच्या सख्ख्या भावाला किंवा बहिणीला मनाचा तो मोठा आजार झालाय – भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं – अशा लोकांच्या मेंदूतली रसायनं दर तीन महिन्यांनी मोजायची, असा डॉक्टरीणबाईंचा अभ्यास होता. पुढे कोण आजारी पडतं, कोण नाही, हे पाच वर्षांनी पाहायचं. आकडे कुणालाच सांगत नसत. एकट्या माणसाच्या आकड्याचा अर्थ अजून कुणाला लावता येत नव्हता.

“शंभरातल्या साधारण दहा भावंडांना हा आजार होतो,” बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. “मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. ते साध्या गोष्टींवरही ‘महत्त्वाचं’ असा शिक्का मारत सुटलं, की माणसाला वाटतं, जग आपल्याशीच बोलतंय.”

ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलंच नव्हतं.

मशीनच्या नळीत चाळीस मिनिटं हलायचं नाही. कानांवर हेडफोन. मशीनची ठकठक थांबली, की मधल्या शांततेत काचेपलीकडून त्याचा आवाज यायचा.

“सहा मिनिटं झाली. श्वास घ्या... सोडा. छान.”

छान! ती छापखान्यासाठी प्रुफं तपासायची. दिवसभर एकटी, लाल पेन घेऊन, दुसऱ्यांच्या चुका शोधत. तिच्याशी कुणी बोललंच, तर सुटलेल्या चुकीबद्दल बोलायचं.

पुढच्या वेळी ती वेणी घालून आली.

“आज पिना नाहीत?” त्याचा चेहरा पडला. “मग पहिली दहा मिनिटं मी काय करायचं?”

“बोलायचं.”

“तळघरात खिडकी नाही हो. बोलायला विषय तुम्हीच आणा बाहेरून.”

तिने आणले. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकानाला लावलेला पोपटी रंग. बसमध्ये स्वतःच्याच घोरण्याने जागे झालेले आजोबा. ती सांगायची आणि तो मान किंचित कलती करून ऐकायचा... मग पुन्हा तीन महिने काहीच नाही.

घरी ती आणि दादा. आई गेल्यावर दोघंच. दादा गणित शिकवायचा. तेविसाव्या वर्षी त्याला फळ्यामागून माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. आता गोळ्यांनी ती गप्प झाली होती आणि त्यांच्याबरोबर दादाही बराचसा गप्प झाला होता. शेजारच्या पायऱ्यांवर हसणं ऐकू आलं, की घर आणखीच गप्प वाटायचं; मग ती रेडिओ लावायची.

एका संध्याकाळी प्रुफं वाचताना तिला स्पष्ट ऐकू आलं – “श्वास सोडा. छान.”

पेन हातातून पडलं.

मग ते रोजच होऊ लागलं. झोप उडाली. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. पोपटी रंगाचं काहीही दिसलं, की वाटायचं, हे माझ्यासाठीच ठेवलंय. तिने एका कागदावर सगळं लिहून काढलं आणि पुन्हा वाचलं. ही यादी तिने आधी पाहिली होती. दादाच्या पहिल्या केसपेपरवर.

तिला सव्विसावं चालू होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिने कागद दादासमोर ठेवला. त्याने पेपर तपासावा तसा तो वाचला.

“कोण बोलतं?”

“मशीनवाला.”

“शिव्या देतो?”

“छे... छान म्हणतो.”

दादा बऱ्याच महिन्यांनी हसला. “नशीबवान आहेस, चिंगे. माझ्या लोकांना मी कधीच आवडलो नाही.” मग हसू विझलं. “पण उद्या बाईंना सांग. मी सांगायला दोन वर्षं लावली.”

सांगितलं आणि तेच निघालं तर? दादाकडे कोण बघणार? आणि तिच्याकडे?... तरी तिने सांगितलं. बाई लिहीत होत्या.

“आवाज येतो, तेव्हा तो माणूस तिथे आहे असं वाटतं?”

“नाही. तो नाही हे माहीत असतं. म्हणून तर वाईट वाटतं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ आणखी प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, “हा आजार नाही, असं माझं मत आहे. तेच रसायन, पण कारण निराळं. कारण बहुधा तळघरात बसतं. उद्याची हमी मात्र मी देणार नाही. तुला नाही आणि इतर कुणालाही नाही.”

ती जिने उतरून तळघरात आली. आज त्यालाही सांगायचंच, असं ठरलं होतं. पण काचेपलीकडे दुसरंच कुणी होतं.

“हलू नका,” हेडफोनमध्ये एक अनोळखी, कोरडा आवाज आला.

चाळीस मिनिटं ती नळीत पडून राहिली. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. पुसायला हात हलवायची सोय नव्हती. माझ्यामुळेच काढलं त्याला. बाईंना सांगायलाच नको होतं...

बाहेर आली, तर तो बाकावर बसलेला. साध्या कपड्यांत.

“तुम्हाला... काढून टाकलं?”

“छे हो. वर एक्स-रे विभागात गेलो. पंधरा दिवसांपूर्वी मीच अर्ज दिला.”

“का?”

“अभ्यासातल्या माणसांशी आमच्याकडून कामापुरतंच बोलणं व्हायला हवं.” तो बुटांकडे बघत राहिला. “मला कामापुरतं जमेना.”

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा होती. तिने सगळं सांगितलं. दादा. फळ्यामागची माणसं. शंभरातले दहा. कागदावरची यादी. आणि घरात ऐकू येणारा तो.

तो म्हणाला, “भीती वाटते. खोटं कशाला सांगू?”

“मग जा तुम्ही. मला राग येणार नाही.”

“वाटली म्हणजे जायचंच असं आहे का?”

“उद्या खरंच सुरू झालं तर? तुम्ही बोलताय की माझं डोकं, हे मला कसं कळणार?”

त्याने खूप विचार केला. एखादं अवघड मशीन पुढ्यात यावं तसा.

“मी बोलताना तुमचा हात धरत जाईन. हात नसेल, तर तो मी नाही.”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

“मग बोला ना काहीतरी,” ती म्हणाली.

तो मधल्या जागेत सरकला. त्याने आधी हात पुढे केला.